वापरात असलेली जागा

१

शिवानंद बिराजदारला लग्नं तोंडपाठ होती. स्वतःचं एकच झालं होतं, पण लोकांची तीनशे-साडेतीनशे तरी त्यानं कॉम्प्युटरवर कापून, जोडून, गाणी चढवून घरोघर पोचवली होती. अक्षता पडताना कोणता मामा डोळे पुसणार आणि कोणती आत्या रुसून कोपऱ्यात बसणार, हे तो फुटेज न बघता सांगायचा. अशा धंद्यात डिस्का भराभर भरतात. मे महिन्यातल्या एका सोमवारी तो सोलापुरातल्या सात रस्त्याला गेला, अवधूतच्या दुकानातून दोन टीबीची नवी हार्ड डिस्क घेतली आणि ऊन डोक्यावर यायच्या आत घरी परतला.

घरी तो एकटाच होता. बायको श्रावणी सुट्टीसाठी लेकीला, सईला, घेऊन जेऊरला माहेरी गेलेली. बैठं घर. पुढे हॉल, मग त्याची कामाची खोली, मग अव्वाची खोली, शेवटी स्वयंपाकघर. अव्वा म्हणजे त्याची आई, ईरम्मा. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तिच्या खोलीचं दार तेव्हापासून लोटलेलंच असायचं.

त्यानं डिस्क जोडली, फॉरमॅट केली. बारा वर्षं तो लिनक्सवर काम करत होता, त्यामुळं दोनाचे एक पॉइंट आठ दिसले याचं त्याला नवल वाटलं नाही. कंपनी हजारानं मोजते, मशीन हजार चोवीसनं मोजतं. मंडईतली किलोभर भेंडी घरच्या काट्यावर नऊशे ग्रॅम भरावी, तसलाच प्रकार. शिवाय फॉरमॅट करताना पाच टक्के जागा लिनक्स स्वतःसाठी राखून ठेवतं, तेही त्याला ठाऊक होतं. पण एवढं सगळं वजा करूनही ताळा जमेना. एकही फाईल नसलेल्या नव्या कोऱ्या डिस्कपुढे मशीननं लिहिलं होतं: वापरात असलेली जागा, नऊशे एकोणऐंशी जीबी.

त्यानं डिस्क उघडून बघितली. आत काहीच नव्हतं.

२

"बनावट माल गळ्यात मारलास की काय?" त्यानं अवधूतला फोन केला. दोघं कॉलेजपासूनचे दोस्त, त्यामुळं बोलण्याला धार नव्हती.

"बे, पंधरा वर्षं दुकान चालवतोय मी. फसवायचंच असतं तर तुला फसवलं असतं व्हय? अर्ध्या सोलापूरला सांगत फिरशील की तू," अवधूत म्हणाला. "फॉरमॅट नीट झालं नसंल. परत कर."

परत केलं. नऊशे एकोणऐंशी. सगळं मोडून पहिल्यापासून मांडलं, तरी तेच. मग त्यानं डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसायला लावली आणि दुपारभर एका लग्नाच्या वरातीत डोकं घातलं. संध्याकाळी पुसून झालं. आकडा कमी झाला नव्हता. एकानं वाढला होता.

मंगळवारी तो डिस्क घेऊन पुन्हा सात रस्त्याला गेला. अवधूतनं त्याच्यासमोर दुसरा खोका फोडला, डिस्क दुकानातल्या मशीनला लावली आणि पडदा त्याच्याकडे फिरवला. पूर्ण रिकामी. "डोळ्यानं बघितलास न्हवं? आता घरी जाऊन फोन करू नको."

घरी येऊन जोडली. नऊशे ब्याऐंशी.

फोन केलाच. "मग डिस्कचा दोष न्हाय. तुझ्या मशीनचा न्हायतर तुझ्या घराचा," असं म्हणून अवधूत मोठ्यानं हसला. शिवानंदलाही हसू आलं. फोन ठेवल्यावर मात्र आपण उगीच मागं वळून दाराकडे बघितलं, हे त्याच्या लक्षात आलं.

३

एरवी त्यानं डिस्क कोपऱ्यात फेकून जुनीवर भागवलं असतं. पण ही डिस्क लग्नांसाठी नव्हती.

थोरली बहीण गोदावरी अक्कलकोटला दिलेली. पुढच्या शुक्रवारी अव्वाचं वर्ष, त्यासाठी ती येणार होती आणि तिला एकच गोष्ट न्यायची होती, अव्वाचा आवाज. अव्वा शेवटचे चाळीस दिवस अंथरुणाला खिळून होती. आवाज इतका बारीक झालेला की शेजारच्या खोलीतही पोचत नसे. म्हणून शिवानंदनं तिच्या उशाशी माइक लावला होता आणि वायर आपल्या टेबलावर आणली होती, म्हणजे तिची हाक तिथल्या स्पीकरवर ऐकू येई. रोज सकाळी आठला तो रेकॉर्डिंगही चालू करायचा. अव्वा पडल्या पडल्या कन्नड वचनं म्हणायची, सईशी बोलायची, कधी नुसतीच कण्हायची. सगळं नोंदलं जायचं.

"चाळीसच्या चाळीस दिवस दे मला," गोदावरी फोनवर म्हणायची. "शेवटचा तर हवाच."

"शेवटच्या दिवसाचं नाही, अक्का. लाइट गेली होती."

"असू दे. रेकॉर्ड नसंना का. तू तर होतास तिच्याजवळ. तुझ्या हातचं पाणी पिऊन गेली ती, एवढंच मला लई हाय."

हे त्यानंच तिला सांगितलं होतं. मी जवळच होतो, पाणी पाजलं, मग गेली. तेराव्यापर्यंत आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाला त्यानं हेच सांगितलं. इतक्या वेळा सांगितलं की शेवटी सांगताना त्याला स्वतःलाच ते खरं वाटायचं.

त्या दिवशी लाइट गेली नव्हती.

४

बुधवारी सकाळी आकडा नऊशे चौऱ्याऐंशीवर होता. शिवानंदनं डिस्क काढायला घेतली, तर मशीन सोडेना. डिस्क वापरात आहे, असं सांगू लागलं.

कोणाच्या वापरात?

लिनक्सची एक खोड आहे. फाईल पुसली, पण त्याच वेळी ती कुणीतरी उघडी धरून ठेवलेली असली, तर मशीन तिचं नाव तेवढं काढून टाकतं. जागा सोडत नाही. शोधायला जावं तर फाईल सापडत नाही आणि मोजायला जावं तर जागा भरलेली दिसते. धरणारा हात सोडेपर्यंत हे असंच चालतं. शिवानंदला हे माहीत होतं. दोन दिवसांत सुचलं कसं नाही, म्हणून त्यानं स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि पुसलेल्या पण धरून ठेवलेल्या फायलींची यादी मागितली.

एकच ओळ आली. माइकचं रेकॉर्डिंग करणारा प्रोग्रॅम. फाईलच्या नावात गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली तारीख. पुढं शेरा, पुसलेली. आणि मालकाच्या नावाच्या जागी नुसता आकडा, १००१.

मशीन माणसांनाही नंबर देतं. पहिला माणूस १०००, तो स्वतः. दुसरा १००१. हे खातं त्यानं अव्वासाठी उघडलं होतं, तिच्या वचनांसाठी आणि त्या माइकसाठी. ती गेल्यावर खातं काढून टाकलं, जुनं मशीनही विकलं. या मशीननं अव्वाचं नाव कधी ऐकलंच नव्हतं. या घरात, या मशीनच्या हिशेबी, दुसरं माणूस नव्हतंच.

त्यानं प्रोग्रॅम बंद करायचा हुकूम दिला. असा कोणताही प्रोग्रॅम चालू नाही, मशीननं सांगितलं. यादी पुन्हा मागितली. ओळ तिथंच होती.

जुन्या डिस्कवरून काहीतरी नकळत उतरलं असेल, त्यानं मनाशी म्हटलं. काहीतरी कारण असणारच. पण आकडा रोज वाढतो कसा? त्यानं कागद ओढला. अव्वाच्या माइकचा हिशोब त्याला पाठ होता. मिनिटाला जेमतेम दोन एमबी, दिवसाला पावणेतीन जीबीहून किंचित जास्त. नऊशे चौऱ्याऐंशीला त्यानं भागलं. तीनशे छप्पन्न दिवस, वर दोन तास.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यानं तेवढे दिवस मागं मोजले. सकाळचे आठ. शेवटच्या दिवशी त्यानंच ती फाईल चालू केली होती.

रेकॉर्डिंग थांबलंच नव्हतं.

५

आता तो दिवस सांगायला हवा.

अव्वाचा एक नियम होता. तिच्या आईचा होता, तिच्या आजीचाही असणार. भर दुपारी एकटं असताना हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. "माणूस असलं तर तिसऱ्यांदा हाक मारतंच. दुसरं काही असलं तर ते दोनदाच मारतं. दोन हाकांना ओ दिलास की आपली जागा गेली म्हणून समज." म्हणून ती स्वतः कुणालाही बोलावताना मोजून तीन हाका मारायची. गोदावरी आणि शिवानंद या नियमात वाढले. शिवानंदचा पुढं यावर विश्वास राहिला नाही, पण अंगाची सवय विश्वासाला विचारून थोडीच राहते? हाक आली की तो थांबायचा, तिसरी झाली की दोनदा घसा खाकरायचा आणि मग म्हणायचा, "ओ... बंदे, अव्वा." बंदे म्हणजे आलो. त्या खाकरण्यावरून अव्वा त्याची लई चेष्टा करायची. पाटीलच निघाले जणू, म्हणायची.

त्या दुपारी घरात दोघंच होते. माढ्याच्या एका लग्नाची घाई होती. हेडफोन एका कानावर, दुसरा कान मोकळा. तीन वाजून दहा मिनिटांनी टेबलावरच्या स्पीकरमधून बारीक आवाज आला. "शिवू."

तो थांबला.

"शिवू."

तो तिसरीची वाट बघत राहिला. ती आली नाही. नसेल काही, झोपेत बोलली असेल, असं म्हणून त्यानं दुसरा हेडफोनही कानावर ओढला. वरातीच्या गाण्याचा ताल कुठंतरी चुकत होता, तो टेबलावर बोटांनी ठेका धरून शोधू लागला.

पाऊण तासानं तो खोलीत गेला तेव्हा अव्वा संपली होती. उशाशी पाण्याचा पेला अर्धा झालेला आणि चमचा ओला होता. तो कसा ओला, हे तेव्हा त्याच्या मनातही आलं नाही.

संध्याकाळी माणसं जमायच्या आधी त्यानं ती फाईल न ऐकता पुसून टाकली. त्या दोन हाका कुणी ऐकल्या असत्या, तर तो कुठं तोंड दाखवणार होता?

६

गुरुवारी भर दुपारी त्यानं हेडफोन चढवले. पुसलेली फाईल धरून ठेवलेली असेतोवर मागच्या वाटेनं ती ऐकता येते. आत्ता काय नोंदलं जातंय ते ऐकू, त्यानं ठरवलं. नुसता खरखराट असेल. असायलाच हवा, कारण माइक तर टेबलाच्या खणात पडला होता, वायर गुंडाळून.

खरखराट नव्हता. खोली होती. बंद खोलीला एक आवाज असतो, तो होता. लांबून रस्त्यावरचा भंगारवाला ओरडत गेला आणि त्याच वेळी तो खिडकीतूनही ऐकू आला. मग लोखंडी खाट करकरली, कुशीवर वळल्यासारखी.

ती खाट आता त्या खोलीत नव्हती. श्रावणीच्या आजोबांसाठी ती जेऊरला पाठवून आठ महिने झाले होते.

शिवानंद उठला. खोलीत काही नाही हे बघायचं आणि अवधूतला बोलवून घ्यायचं, एवढंच त्यानं ठरवलं. त्यानं दार ढकललं. लादी, भिंतीवर अव्वाचा फोटो, कोपऱ्यात ज्वारीचा डबा. खिडकी बंद होती आणि खोली भट्टीसारखी तापली होती. "कोण आहे?" त्यानं विचारलं, आणि आपण हे विचारलं याची त्यालाच लाज वाटली. दार ओढून तो परत आला.

मग त्यानं फाईल दोन मिनिटं मागं घेतली.

दाराची कडी वाजली. त्याची स्वतःची पावलं आत आली. "कोण आहे?" त्याचाच आवाज, अगदी जवळून. मग दार लागलं, पावलं लांब गेली. थोडा वेळ काही नाही. आणि मग कुणीतरी इतका वेळ रोखून धरलेला श्वास सोडला.

श्वासामागून घसा खाकरला. दोनदा.

७

त्यानंतर तीन दिवस तो त्या मशीनपाशी फिरकला नाही. श्रावणीशी फोनवर नीट बोलला, सईला आंब्याबद्दल विचारलं, हॉलमध्ये झोपला. "या ना लवकर," एवढं मात्र तो एकदा म्हणाला. श्रावणी म्हणाली, "अहो, शुक्रवारच्या वर्षाला यायचंच होतं, पण आजोबांचं काही खरं दिसंना. त्या खाटेवर निजायला लागल्यापासून त्यांना झोपच न्हाय. म्हणतात, कुणीतरी शेजारी बसतंय."

सोमवारी त्यानं ठरवलं की ऐकायचंच. खोटं बोललेल्या माणसाला आपलं खोटं तपासून बघायची ओढ असते. हेडफोन चढवून त्यानं फाईल पहिल्यापासून लावली आणि सात तास दहा मिनिटं पुढं गेला.

"शिवू."

वर्षभरानं तो आईचा आवाज ऐकत होता. तो डोळे मिटून बसला.

"शिवू."

इथून पुढं काही नाही, त्याला ठाऊक होतं. इथं तो हेडफोन ओढून वरातीत शिरला होता. रेकॉर्डिंगमध्ये भिंतीपलीकडून टेबलावरचा त्याच्या बोटांचा ठेका सुरू झालेला पुसटसा कळत होता. तो ऐकत राहिला. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं.

"शिवू."

तिसरी हाक. आली होती. तो नियम पाळायचा म्हणून थांबला आणि ती आपला नियम पाळायला श्वास गोळा करत राहिली. शिवानंदनं तोंडावर हात दाबला, पण हुंदका फुटायच्या आधीच खोलीत कुणीतरी दोनदा खाकरलं.

"ओ... बंदे, अव्वा."

त्याचा आवाज. ओढत टाकलेल्या चपला त्याच्या. चमचा पेल्याला लागला, पाण्याचा घोट घशाखाली उतरला.

"आलास व्हय बाळा," अव्वा कन्नडमध्ये म्हणाली.

"मी जवळच होतो," तो आवाज म्हणाला. शिवानंदनं वर्षभर लोकांना सांगितलं होतं, अगदी तसंच, शब्दाला शब्द. आणि भिंतीपलीकडे टेबलावरचा बोटांचा ठेका चालूच होता, एकाच ठिकाणी अडून पुन्हा पुन्हा पहिल्यापासून धरला जात होता.

८

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं गोदावरी आली. येताना शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घेऊन आली, दारातच भावाचा चेहरा बघून म्हणाली, "काय रे, जेवतोस का न्हाय?" पूजा सांगायला जंगम आले, पूजा झाली, शिवानंदच्या मनगटाला दोरा बांधला, शेजारचे चार लोक जेवून गेले. दोनच्या सुमाराला घर रिकामं झालं. बाहेर ऊन नुसतं जाळत होतं.

"ऐकव आता," गोदावरी पदर सावरून त्याच्या खुर्चीशेजारी बसली.

खरं सांगायचं असं शिवानंदनं आदल्या दिवशी पक्कं केलं होतं. शब्दही जुळवून ठेवले होते. अक्का, मी गेलो नव्हतो. मी ऐकलं आणि गेलो नाही. ती रडली असती, बोलली असती, कदाचित वर्षभर तोंड बघितलं नसतं. पण ती त्याची बहीण होती, कधीतरी तिनं माफ केलं असतं. त्यानं तोंड उघडलं.

"शेवटच्या दिवसाचं सापडलं मला," तो म्हणाला. "लाइट गेली नव्हती."

त्यानं लावलं. गोदावरी पुढं वाकून ऐकत होती. तिसऱ्या हाकेला तिचा हात त्याच्या मनगटावर आला, आणि "बंदे, अव्वा" ऐकल्यावर ती मोकळी होऊन रडली. "तू होतास रे तिच्याजवळ," ती म्हणाली. "माझ्या मनात कधीतरी यायचं, शिवू आपल्या कामाच्या नादात... मला माफ कर. हा तूच न्हवं? तूच."

खरं सांगायला एक श्वास पुरला असता.

"मीच," शिवानंद म्हणाला.

आणि त्याला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. वर्षभराचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. खोटं आता खोटं राहिलं नव्हतं, त्याला पुरावा होता.

९

"चा टाकते," म्हणून गोदावरी डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. शिवानंद तिच्यासाठी फायली नव्या डिस्कवर उतरवायला बसला, अजून एकही उतरली नव्हती. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"शिवू."

अक्काचाच आवाज. की अव्वाचा? वय झालं की मुलीचा आवाज आईवर जातो. तो थांबला.

"शिवू."

तो थांबला. अंगच थांबलं, विचारून नाही.

"शिवू, साखर कुटं हाय रे?"

तिसरी. त्यानं सुटकेचा श्वास टाकला आणि तोंड उघडलं. त्याआधीच शेजारच्या बंद खोलीत कुणीतरी दोनदा खाकरलं.

"ओ... बंदे, अक्का."

खाट करकरली. चपला ओढत दाराशी आल्या. कडी निघाली.

"अव्वाच्या खोलीत काय करायलास रे उकाड्यात?" स्वयंपाकघरातून गोदावरीचा आवाज आला. "राहू दे, सापडली साखर. बस तितंच, मी चा घेऊन येते."

शिवानंद धडपडत उठला आणि दाराशी आला. पॅसेजच्या टोकाला गोदावरी दोन कप घेऊन येत होती, खाली बघत, चहा सांडू नये म्हणून. अव्वाच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ती तिथं पोचताच आतून एक हात पुढं आला आणि एक कप घेतला. हाताला आज सकाळी पूजेत बांधलेला दोरा होता. शिवानंदनं आपल्या मनगटाकडे बघितलं. सकाळी दोरा होता तिथं आता नुसता वळ होता.

"अक्का!"

गोदावरी उंबऱ्यावर थबकली. तिनं वळून बघितलं नाही. भर दुपार होती आणि ती अव्वाची लेक होती.

"अक्का!"

ती तशीच थांबली, मान किंचित तिरकी करून, वाट बघत. आता फक्त एक. शिवानंदनं सगळा जीव गोळा केला, तोंड उघडलं आणि घशातून काहीच निघालं नाही. पुन्हा प्रयत्न केला. वारा निघाला, आवाज नाही.

गोदावरी आत गेली. मागं टेबलावर मशीन टिंग करून वाजलं. त्यानं मान वळवली. यादीतली ती ओळ गेली होती. धरणाऱ्यानं हात सोडला होता. वापरात असलेली जागा, शून्य. बारा दिवसांत पहिल्यांदा डिस्क बरोबर दाखवत होती.

खोलीत कप बशीवर टेकल्याचा आवाज झाला.

"शिवू, कुणीतरी मला हाक मारली रे," गोदावरी म्हणाली.

"किती वेळा?" शिवानंदच्या आवाजात कुणीतरी विचारलं.

"दोनदा."

"मग ओ द्यायची नाही," तो आवाज म्हणाला. "चहा घे."